वरून तिसरं मडकं

समस्त वाचकवर्गास अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, महाराष्ट्र राज्य जेमतेम पावणेदोन वर्षांचं असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या नऊ गावांत लोकशाहीच्या जिवावर एकदा फार मोठं संकट आलं होतं. ते कोणा शत्रूने आणलं नव्हतं, दुष्काळानेही आणलं नव्हतं. ते एका प्राथमिक शिक्षकाने आणलं. सदर इसमाचा शोध घेण्याचं कारण नाही. तो अद्याप मोकळा आहे, दोन वेळा पोटभर जेवतो, आणि या क्षणी खुर्चीवर मांडी घालून हा मजकूर लिहीत आहे.

जड अंतःकरण आता बाजूला ठेवतो. ते मला फार वेळ पेलत नाही.

मी नेरजवळच्या एका गावात चौथीपर्यंतच्या शाळेवर मास्तर होतो. छप्पन साली दिवाळीच्या सुट्टीआधी मी मुलांना शिकवलं की आपलं राज्य मध्य प्रदेश आणि राजधानी नागपूर. सुट्टी संपवून मुलं परत आली तेव्हा राज्य मुंबई झालं होतं आणि राजधानीही मुंबईच. साठ साली फळा पुन्हा पुसला आणि महाराष्ट्र लिहिलं. मी तीन राज्यांत नोकरी केली असं अजूनही छाती फुगवून सांगतो. खुर्ची मात्र तिन्ही राज्यांत तीच होती, आणि तिचा डावा पाय तिन्ही राज्यांत सारखाच आखूड राहिला.

सत्तावन्नच्या निवडणुकीत मला मतदान केंद्रावर कामाला पाठवलं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पडद्याआड पेट्या ओळीने मांडायच्या, प्रत्येकीवर त्या त्या उमेदवाराचं चिन्ह चिकटवायचं, आणि मतदाराने आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. एक आजोबा पडद्याआड गेले ते येईनात. मी हाक मारली, तर आतून आवाज आला, "थांबा जी, साऱ्याईले नमस्कार करून राह्यलो." त्यांच्यामागून गेलेल्या एका बाईंनी चिठ्ठी पेटीच्या फटीत न टाकता पेटीवर ठेवली आणि वर दोन झेंडूची फुलं वाहिली. चिठ्ठी आत टाकायला सांगितलं तर म्हणाल्या, "म्या ठेवली. घेवाची असन तं घेईन तो."

मुलं परीक्षेला घाबरतात हे मी रोज पाहत होतो. पण साठ-साठ वर्षांची माणसं एका पडद्याकडे बघून आवंढा गिळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि मला ती अतिशय आवडली. यांना कोणीतरी शिकवलं पाहिजे, असं मनात आलं. कोणीतरी म्हणजे अर्थातच मी.

चार वर्षांनी संधी चालून आली. यवतमाळचे एक वकील विधानसभेला अपक्ष उभे राहायचं म्हणत होते. गृहस्थ उंच, शांत. पान खातानाही आधी पुरावा तपासून खाताहेत असं वाटे. आमच्या शाळेत बक्षीस समारंभाला आले होते. मी मुलांकडून एक नाटुकलं बसवून घेतलं होतं, ते पाहून मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, माझी भाषणं लोक फार आदराने ऐकतात. कळत कोणालाच नाहीत. तुम्ही येता का माझ्याबरोबर?"

नोकरीत राहून प्रचार करता येत नव्हता, म्हणून मी राजीनामा लिहिला. पत्नीने तो वाचला, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि विचारलं, "वकीलसाहेब नाई आले निवडून तं?"

"तर पुढच्या खेपेला येतील."

"पाच वर्सं आहेत मधात. तवरोक काय खावाचं, भाषन?"

मी चूक दुरुस्त केली आणि राजीनामा देऊन टाकला.

आमच्या प्रचाराची फौज म्हणजे वकीलसाहेब, त्यांचे दोन पुतणे आणि मी. वाहनं म्हणाल तर एक जुनी मोटार आणि माझी सायकल. समोर एक बडं प्रस्थ उभं होतं. त्यांच्याकडे जीपगाड्या होत्या आणि दोन मैलांवरून ऐकू येईल असा कर्णा होता. वकीलसाहेबांनी कामाची वाटणी केली. नदीपल्याडची नऊ गावं माझ्या नावावर टाकली. "तिथे माझं काही चालत नाही," ते म्हणाले, "तिथे तुमचा शब्द चालतो. ती नऊ गावं आली तर आपण लढतीत आहोत. नाही आली तर मी कोर्टात आणि तुम्ही घरी."

शब्द चालतो हे खरं होतं. त्या भागातली बरीच मुलं माझ्या हाताखालून गेली होती. कोणाच्या जमिनीचा कागद वाचायचा असो की परगावच्या मुलाला पत्र लिहायचं असो, माणसं माझ्याकडे येत. गुरुजी म्हणाले म्हणजे झालं, असा हिशेब होता.

त्या निवडणुकीत मत द्यायची तऱ्हाच बदलली होती. वेगवेगळ्या पेट्या गेल्या आणि एकच मतपत्रिका आली. तिच्यावर सगळ्या उमेदवारांची नावं एकाखाली एक, प्रत्येकासमोर चिन्ह. मतदाराने रबरी शिक्का घ्यायचा, आपल्या माणसाच्या रकान्यात मारायचा, कागदाची घडी करायची आणि पेटीत टाकायची. पेट्यांना नमस्कार करायची सवय झालेल्या माणसांना हे सगळं नवीन. म्हणजे शिकवण्यासारखं इतकं होतं की माझ्या हाताला खाज सुटली.

अर्ज भरून झाले. चौघांचे अर्ज मंजूर झाल्याची यादी तहसील कचेरीच्या भिंतीवर लागली. नावं वर्णमालेच्या क्रमाने होती: सगळ्यांत वर एक पिठाच्या गिरणीचे मालक, दुसरे एक निवृत्त फौजदार, तिसरे आमचे वकीलसाहेब, आणि सगळ्यांत खाली ते बडं प्रस्थ. अर्ज मागे घ्यायची मुदत अजून संपायची होती. पण मास्तर माणूस काही परीक्षेच्या आदल्या दिवशी शिकवायला बसत नाही. नऊ गावांत दोन दोन उजळण्या करायच्या होत्या. मी पुठ्ठ्यावर चार रकान्यांची मोठी मतपत्रिका काढली, बटाटा कापून त्याचा शिक्का केला, जांभळ्या शाईची बाटली खिशात घातली आणि सायकलवर टांग मारली.

पहिल्याच गावात माशी शिंकली. वकीलसाहेबांनी चिन्ह म्हणून तराजू मागितला होता. न्यायाचं चिन्ह, म्हणून त्यांना तो फार भावला होता, आणि दुसऱ्या कोणालाच तो नको असल्यामुळे मिळणार हेही नक्की होतं. कोणालाच का नको होता, ते मला चावडीसमोर कळलं. मी पुठ्ठा वर धरला आणि तराजू दाखवला. समोर सगळे कापूसवाले बसले होते. मग पुढे बसलेला एक शेतकरी म्हणाला, "गुरुजी, ह्यानंच तं नेरच्या बाजारात आमचा कापूस खाल्ला. आता मत बी ह्यालेच चारावाचं काय?"

"हा व्यापाऱ्याचा नाही," मी म्हणालो. "हा न्यायाचा तराजू आहे. कोर्टातला."

"कोर्टातला?" मागून दुसरा म्हणाला. "बाप्पा! मंग तं पुरंच झालं."

गाव खदखदून हसलं. मीही हसलो. पुठ्ठा काखेत मारून मी तिथून उठलो.

त्याच गावात छप्पननंतर बौद्ध झालेल्या घरांची वस्ती होती. त्या खेपेला त्यांच्या पक्षाचा माणूस आमच्या मतदारसंघात उभा नव्हता, त्यामुळे ती मतं अजून कोणाचीच नव्हती. वस्तीत चाळिशीच्या एक बाई होत्या. सारं गाव त्यांना मावशी म्हणत असे, त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या शाळेत शिकल्या. मावशींना स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण दर महिन्याला शाळेत येऊन त्या मुलींच्या वह्या बघत आणि मला विचारत, "हे लाल रेघ काहून मारली? चुकली काय ते? मंग कसं पाह्यजे होतं?" मी समजावून सांगे, त्या मान डोलवत, आणि घरी जाऊन तेच मुलींना समजावत. मी अशी परीक्षक उभ्या नोकरीत दुसरी पाहिली नाही.

मावशींनी चहा ठेवला. मी ओट्यावर बसून माझं दुःख सांगितलं. त्या म्हणाल्या, "खरंच हाय त्याईचं. तराजू पाह्यला का मलेबी कापूसच दिसते." मी आत बघत होतो. कोपऱ्यात मडक्यांची उतरंड होती: सगळ्यांत खाली मोठा रांजण, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान, सगळ्यांत वर एक इवलंसं मडकं. चार मडकी. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. असा उजेड माझ्या डोक्यात पडला की आसपासच्या लोकांनी सावध व्हावं, असं माझी पत्नी म्हणते. पण ती त्या वेळी तिथे नव्हती.

"मावशी, चिन्ह पाहायचंच नाही!" मी उठून उभा राहिलो. "मतपत्रिका म्हणजे उतरंड. वरून मोजायचं. तिसऱ्या मडक्यात शिक्का. बास."

"चिन्ह पाह्यचंच नाई?"

"बिलकुल नाही. नजर खाली, बोट वर. एक, दोन, तीन."

मावशींनी उतरंडीवर बोट ठेवून मोजलं, तिसऱ्या मडक्यावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "हे जमते."

आणि खरोखर जमलं! पुढचे पंधरा दिवस मी त्या नऊ गावांत जे काही केलं, त्याला शिकवणं म्हणायचं की तमाशा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. प्रत्येक गावात कोणाच्या तरी घरून चार मडकी मागून आणायची, चौकात उतरंड लावायची आणि पाढे म्हणवून घ्यावेत तसं म्हणवून घ्यायचं. मी ओरडायचो, "शिक्का कुठं?" आणि अख्खं गाव ओरडायचं, "तिसऱ्या मडक्यात!" मग एकेकाने येऊन पुठ्ठ्यावर बटाट्याचा शिक्का मारायचा. चुकला तर पुन्हा रांगेत. एका तांड्यावर बंजारा नाईकांनी तर स्वतः तीनदा मारून पाहिला आणि तिन्ही वेळा बरोबर आला म्हणून बायकोला बोलावून चौथ्यांदा मारून दाखवला. वाटेत शेतात कापूस वेचणाऱ्या बाया मला सायकलवर पाहिलं की तीन बोटं वर करत. तराजूचं नाव कोणी काढत नव्हतं. मी सायकलवर बसून शीळ घालायचो.

मग एके दुपारी वकीलसाहेबांनी मला यवतमाळला बोलावून घेतलं. कधी नव्हे ते हसत होते. "गुरुजी, पेढा घ्या. गिरणीवाल्यांना मी घरी जेवायला बोलावलं होतं. दोन तास समजावलं. पटलं त्यांना. आज मुदत संपायच्या आत अर्ज मागे घेतला. त्यांची बरीच मतं आता आपल्याकडे."

मी पेढा तोंडात टाकला आणि तो तिथेच राहिला.

वकीलसाहेबांनी विचारलं, "का हो?"

मी टेबलावरची चार पुस्तकं घेतली आणि एकावर एक ठेवली. सगळ्यांत वर गिरणीवाले. मग फौजदार. मग वकीलसाहेब. खाली बडं प्रस्थ. मग वरचं पुस्तक उचललं. वकीलसाहेब दुसरे झाले. तिसऱ्या जागी ते बडं प्रस्थ आलं. नऊ गावांतल्या लहानथोर सगळ्यांना मी पंधरा दिवस घसा फोडून शिकवलं होतं, की डोळे झाका आणि तिसऱ्यावर मारा.

वकीलसाहेबांनी ती तीन पुस्तकं बराच वेळ पाहिली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पान काढलं, लावलं, तोंडात ठेवलं आणि म्हणाले, "गुरुजी, मी पडलो तर पडलो. पडण्याचा मला सराव आहे. पण तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून माणसं भलत्यालाच मत देतील आणि त्यांना ते कळणारही नाही, एवढं मात्र होऊ देऊ नका. हे माझ्यासाठी नाही सांगत. तुम्हाला पुन्हा त्या गावांत जायचं आहे."

मतदानाला बारा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गावात गेलो. मला पाहताच चौकातून आरोळी आली, "तिसऱ्या मडक्यात!" मी हात वर केला आणि म्हणालो, "ऐका. आता तिसरं नाही. आता दुसरं."

मी समजावायला लागलो: एकाने अर्ज मागे घेतला, त्यामुळे रकाने बदलले, यादी आता तिघांचीच. जितकं बोलत गेलो तितके चेहरे बंद होत गेले. तो तराजूवर बोलणारा शेतकरी उठला आणि धोतर झटकत म्हणाला, "पंधरा दिवस तिसरा, आज दुसरा. उद्या पह्यला सांगान. काल इथून जीप गेलती, गुरुजी. तुमी बसले काय जीपीत?"

"कायची जीप? मी सायकलवर आलोय."

"सायकल काय, दाखवाले राह्यते."

मी म्हणालो, "बरं, मडकी सोडा. चिन्ह पाहा. तराजू दिसेल तिथे मारा."

"तुमीच म्हनले चिन्ह पाहू नोका."

माणसं उठायला लागली. एक म्हातारा जाता जाता दुसऱ्याला सांगत होता, मला ऐकू येईल इतपत मोठ्याने, "मास्तर चुकते कधी? मास्तर चुकत नाई. फुटते."

खरं सांगतो, त्या वाक्याचा मला आधी अभिमान वाटला आणि मग त्याचा अर्थ कळला. मीच त्यांच्या मुलांना, आणि मुलांमार्फत त्यांनाही, अनेक वर्षं शिकवलं होतं की गुरुजींचं कधी चुकत नाही. आता चुकलं होतं, तर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हतं. लाच खाल्ली हे पटत होतं. चूक झाली हे पटत नव्हतं.

गर्दीच्या कडेला मावशी उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. त्या पुढे आल्या. "थांबा सारे. गुरुजी, मले एक सांगा. तुमी चुकले, असंच म्हनता ना?"

"हो मावशी. चुकलो. मुदत संपायच्या आधीच शिकवायला लागलो."

"म्हनजे धडा घाईत घेतला."

"घाईत घेतला."

"शाळेत पोट्टं चुकलं तं तुमी काय करता?"

मला कळलं त्या कुठे चालल्या आहेत ते. मी इकडेतिकडे पाहिलं. चौकात माझे निदान वीस जुने विद्यार्थी उभे होते, त्यातल्या काहींना मिशा आल्या होत्या, आणि त्या सगळ्या मिशांखाली हसू फुटायला लागलं होतं.

"उठाबशा," मी म्हणालो.

"किती?"

"दहा."

"मोठ्या चुकीले?"

"वीस."

मावशींनी हनुवटीने जमिनीकडे खूण केली.

मी टोपी काढून सायकलच्या हँडलला अडकवली. धोतराचा काचा मारला. दोन्ही कान धरले आणि त्या चौकात, माझ्याच विद्यार्थ्यांच्या आईबापांसमोर, उठाबशा काढायला लागलो. पहिल्या दोन-तीन शांततेत झाल्या. चौथीला कोणीतरी मागून मोजायला सुरुवात केली. सातवीपर्यंत सगळं गाव मोजत होतं. बारावीला मी तोल जाऊन बसकण मारली, तर माझाच एक विद्यार्थी ओरडला, "गुरुजी, ते धरली जानार नाई!" हे वाक्य मी त्याला तिसरीत असताना ऐकवलं होतं, त्याच सुरात. मी पुन्हा काढली. वीस पुऱ्या झाल्या तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि गाव हसून हसून जमिनीला टेकलं होतं. तो धोतर झटकणारा शेतकरी परत खाली बसला होता.

"आता ऐकू," तो डोळे पुसत म्हणाला. "फुटलेला मानूस उठाबशा नाई काढत."

मी बोलायला तोंड उघडलं, पण दम लागला होता. मावशींनी मला हातानेच बसवलं आणि एका मुलीला घरी पिटाळून चार मडकी आणवली. चौकात उतरंड लावली. तिसऱ्या मडक्यावर खडूने एक फुली मारली. "हे आपलं. दिसलं साऱ्याईले?" मग वरचं इवलंसं मडकं उचलून काखेत धरलं. "हा गिरनीवाला घरी गेला. आपलं मडकं हाललं काय? नाई. अठीच हाये. पन आता मोजा."

गावाने मोजलं. एक. दोन.

"दुसरं!" पहिला आवाज त्या धोतरवाल्याचाच आला.

मी पंधरा दिवस जे शिकवलं, ते त्यांनी दोन मिनिटांत पुसून पुन्हा लिहिलं, आणि तेही खडूचा एकच तुकडा वापरून. मला शिक्षक प्रशिक्षणाच्या वर्गात कोणी असं शिकवलं नव्हतं.

ही बातमी माझ्या सायकलच्या आधी पुढे गेली. दुसऱ्या गावात शिरलो तर लोक चौकात घोंगडी टाकून बसले होते. मडक्यांचं काय ते सांगायला लागलो, तर पाटील म्हणाले, "गुरुजी, धडा मागून. आंधी उठाबशा." मी म्हणालो, "त्या पलीकडच्या गावात काढल्या." पाटील म्हणाले, "ते त्या गावाच्या. चूक तं अठीबी केलीच ना?" न्याय बिनतोड होता. काढल्या. तिसऱ्या गावात काढल्या, चौथ्या गावात काढल्या. तांड्यावर नाईकांनी सतरंजी अंथरून दिली आणि बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मी पहिल्या उठाबशीला खाली गेलो आणि तिथेच अडकलो. दोघांनी बगलेत हात घालून उचललं, आणि नाईक म्हणाले की ही मोजायला हरकत नाही. सहाव्या गावापासून मला सायकलवर चढायला दगड लागायचा. नवव्या गावात एका आजीबाईंनी माझ्याकडे पाहून "बस झालं, लेकरू" म्हटलं, पण गावाने त्यांचं ऐकलं नाही.

घरी पत्नी रोज गरम पाण्याची पिशवी घेऊन बसलेली असे. एकदा तिने विचारलं, "वकीलसाहेब बी काढतात काय उठाबशा?"

"नाही. ते उमेदवार आहेत."

"मंग तुमीच उभे काहून नाई राहत? सराव तं चांगला झाला."

तरी मनातली भीती गेली नव्हती. माणसं हसली, मोजायला शिकली, हे सगळं खरं. पण पाठांतर ही गोष्ट वाईट असते. मी एका मुलाला एकदा सात आठे चोपन्न असं चुकून सांगितलं आणि मग सत्तर वेळा छप्पन म्हणवून घेतलं. परीक्षेत घाईघाईने त्याने चोपन्नच लिहिलं. पडद्याआड, एकट्याने, शिक्का हातात घेऊन उभं राहिल्यावर या माणसांच्या बोटाला तिसरं मडकं आठवेल की दुसरं, हे मला सांगता येत नव्हतं. वकीलसाहेब काय म्हणाले होते ते मी रोज सायकल चालवताना ऐकत होतो.

मतदानाच्या दिवशी पहिल्याच गावातल्या शाळेत केंद्र होतं. प्रचारवाल्यांना केंद्रापासून शंभर यार्डांच्या आत यायची बंदी होती, म्हणून मी रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली टेबल टाकून बसलो. त्याच सावलीत समोरच्या पक्षाचं टेबल होतं, आणि त्यांचा माणूस चांगला होता. त्याने मला बसायला आपली गादी दिली, कारण माझी मांडी घालायची सोय राहिली नव्हती. माणसं यायची, मी मतदार यादीतला क्रमांक लिहून द्यायचो, ती आत जायची. आत गेली की मला फक्त शाळेची भिंत दिसायची. बाहेर आलेल्यांना विचारायची सोय नव्हती. काही जण मला पाहून मिश्कील हसले, काहींनी खाली पाहिलं. तो धोतरवाला बाहेर आला तेव्हा बोटावरच्या शाईवर फुंकर मारत थेट घरी गेला.

निकाल काय लागला ते इथेच सांगून टाकतो, कारण नंतर मला सांगायला जमणार नाही. वकीलसाहेब पडले. शहरात पडले, मोठ्या गावांत पडले, थोडक्यात पडले. मात्र मोजणीच्या दिवशी आमच्या नऊ गावांच्या पेट्या एकामागून एक उघडल्या आणि त्या नऊही गावांत आमचा रकाना सगळ्यांत पुढे होता. वकीलसाहेबांनी तिथेच पानाचा डबा माझ्यापुढे केला. त्यांनी आपलं पान कोणाला दिल्याचं ऐकिवात नव्हतं. पुढे पाच वर्षं मी काय खाल्लं याची चौकशी कोणी करू नये. पण सदुसष्टच्या निवडणुकीत तीन उमेदवार माझ्या घरी आले, आणि पुढची कित्येक वर्षं मी याच धंद्यात राहिलो, कधी नेरला, कधी पुसदला, हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरला. एक नियम मात्र पाळला: शेवटची यादी छापून हातात आल्याशिवाय धडा सुरू करायचा नाही.

पण त्या दिवशी कडुनिंबाखाली मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दुपारी मावशी आल्या. पांढरं लुगडं, केस नीट बांधलेले. मी क्रमांक लिहून दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, जणू मी त्यातही चूक केली असेल, आणि आत गेल्या. बराच वेळ झाला. रांगेतली माणसं पाय बदलायला लागली. मी उठून उभा राहिलो. पायांनी विरोध केला, तरी उभा राहिलो.

मग मावशी दारात आल्या. शंभर यार्ड पलीकडे मला पाहिलं, शाई लावलेलं बोट वर केलं आणि साऱ्या रांगेला, दोन्ही टेबलांना आणि दारातल्या पोलिसाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "गुरुजी! दुसऱ्यावरच मारला!"

आतून केंद्राध्यक्ष धावत आले. तेही कुठल्याशा दुसऱ्या तालुक्यातले मास्तरच होते. "अहो बाई, बाई! मत गुप्त असतं! असं बोलायचं नसतं, चूप बसा!"

मावशी त्यांच्याकडे वळल्या.

"कायले चूप बसू? गुरुजी चुकले तं साऱ्या गावादेखत बोलून दाखवलं त्याईनं, अन् म्या बराबर मारला तं मी बोलू नाई?"